‘ढ’ कोण ठरवतं? शिक्षकांच्या पहिल्या अंदाजाची किंमत कुणाला मोजावी लागते?

अभ्यासात मागे असलेल्या मुलासाठी मराठीत एक अक्षर पुरतं, ‘ढ’. त्यामागचं प्रचलित स्पष्टीकरण असं की ब्राह्मी लिपीपासून देवनागरीपर्यंत येताना बाकीची अक्षरं बदलत गेली, ‘ढ’ मात्र जवळपास होतं तसंच राहिलं. जो बदलत नाही तो ‘ढ’. म्हणजे एखाद्या मुलाला ‘ढ’ म्हणताना आपण त्याच्या आजच्या गुणांबद्दल बोलत नसतो. त्याच्यात पुढंही काही फरक पडणार नाही, असा निकालच देऊन टाकत असतो.

हा निकाल नेमका कधी लागतो? वार्षिक परीक्षेनंतर, असं कुणालाही वाटेल. पण गेल्या साठ वर्षांतलं संशोधन सांगतं की बऱ्याचदा तो शाळा सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांतच लागलेला असतो. कपडे, बोलणं, आडनाव, वस्ती, थोरल्या भावंडाचा लौकिक एवढ्यावरून मुलाचं एक चित्र शिक्षकांच्या मनात तयार होतं. पुढं मग वर्षभर मूल त्या चित्राशी झगडत राहतं किंवा त्याच्यासारखं होत जातं.

आता हा विषय पुन्हा महत्त्वाचा का झालाय? कारण नव्या शैक्षणिक धोरणानुसार मूल्यमापनाची पद्धत बदलतेय. एका लेखी परीक्षेऐवजी शिक्षकांचं वर्षभराचं निरीक्षण आणि नोंदी यांचं वजन वाढतंय. ही दिशा चांगली आहे. पण निरीक्षण करणाऱ्या नजरेत आधीच काही ठरलेलं असेल, तर काय होतं?

कळंबसारख्या गावातला वर्ग

पुणे-नाशिक महामार्गावर मंचर सोडलं की नारायणगावच्या आधी कळंब लागतं. घोड नदीच्या काठावरचं, आंबेगाव तालुक्यातलं हे गाव. हा सगळा पट्टा बागायतीचा. ऊस, कांदा, बटाटा, भाजीपाला. याच तालुक्याच्या पश्चिमेला डिंभे धरण आहे आणि त्याच्या वरच्या अंगाला भीमाशंकरच्या डोंगरातली महादेव कोळी आणि ठाकर समाजाची गावं. आदिवासी विकासाचा प्रकल्प घोडेगावात आहे. तालुक्यात भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे, तर शेजारच्या जुन्नरमध्ये विघ्नहर. दिवाळीच्या आसपास गाळप सुरू झालं की बीड, अहिल्यानगर, जळगाव अशा जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या उतरतात. थोडं पुढं नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. भाजीपाल्याच्या कामाला परप्रांतातले मजूरही येतात.

आता या पट्ट्यातला एखादा वर्ग डोळ्यासमोर आणा. त्यात बागायतदाराचा मुलगा असतो, नोकरदाराची मुलगी असते, डोंगरातल्या वाडीवरून शिकायला आलेलं पोर असतं आणि नोव्हेंबरमध्ये कोपीवरून आलेलं ऊसतोड कामगाराचं मूलही असू शकतं. चौघांची मराठी वेगळी, कपडे वेगळे, घरी अभ्यास घेणाऱ्यांची परिस्थिती वेगळी. शिक्षकांना मात्र चौघांबद्दल पहिल्याच आठवड्यात काहीतरी मत बनवावं लागतं. कुणाला पुढं बसवायचं, कुणाला मॉनिटर करायचं, कुणाला फळ्यावर बोलवायचं, हे सगळं त्या मतावर चालतं.

म्हणून हा प्रश्न एखाद्या ‘वाईट’ शिक्षकाचा नाही. तो अशा प्रत्येक वर्गातला आहे.

अंदाज बांधणं चूक आहे का?

सरसकट नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार प्राथमिक वर्गात ३० मुलांमागे एक शिक्षक असावा लागतो. तीस मुलांना एकाच वेळी शिकवताना कुणाला काय जमतं याचा अंदाज बांधल्याशिवाय शिकवताच येत नाही.

शिवाय शिक्षकांचे अंदाज बऱ्यापैकी बरोबरही निघतात. ली जुसिम आणि केंट हार्बर या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये या विषयावरच्या तीन-साडेतीन दशकांच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यांचा निष्कर्ष असा होता की शिक्षकांच्या अपेक्षा खऱ्या ठरतात, त्याचं मुख्य कारण त्या अपेक्षा मुलांच्या खऱ्या कामगिरीवर आधारलेल्या असतात. अपेक्षेमुळं मूल बदललं, असा परिणाम होतो, पण तो सहसा लहान असतो.

मग चिंता कशाला? कारण याच आढाव्यात आणखी एक गोष्ट नोंदवलेली आहे. ज्या समाजगटांवर आधीच शिक्के बसलेले आहेत, त्यांच्या मुलांवर हा परिणाम जास्त मोठा असू शकतो. म्हणजे बागायतदाराच्या मुलाबद्दल शिक्षकांचा अंदाज चुकला, तर घर, क्लास, काका-मामा ते भरून काढतात. कोपीवरच्या मुलाबद्दल अंदाज चुकला, तर ते भरून काढणारं दुसरं कुणी नसतं.

चिठ्ठ्या टाकून निवडलेली ‘हुशार’ मुलं

या विषयातला सगळ्यात गाजलेला प्रयोग अमेरिकेतला आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेन्थाल आणि मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यात दक्षिण सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एका प्राथमिक शाळेत तो केला. मुलांची बुद्धिमत्ता चाचणी घेतली आणि शिक्षकांना सांगितलं, की या चाचणीनुसार तुमच्या वर्गातली ही-ही मुलं यंदा झपाट्यानं पुढं जाणार आहेत. प्रत्यक्षात ती नावं कुठल्याही गुणांवरून काढलेली नव्हती. साधारण २० टक्के मुलं निव्वळ चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली होती.

वर्षाअखेर पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा पहिली-दुसरीतल्या त्या ‘निवडलेल्या’ मुलांनी बाकीच्यांपेक्षा जास्त प्रगती केलेली दिसली. १९६८ मध्ये यावरचं ‘पिग्मॅलियन इन द क्लासरूम’ हे पुस्तक आलं आणि ‘पिग्मॅलियन इफेक्ट’ हा शब्द रूढ झाला.

या प्रयोगावर टीकाही तितकीच झाली. वरच्या वर्गांत परिणाम फारसा दिसला नव्हता. लहान मुलांसाठी वापरलेली चाचणी योग्य नव्हती, असंही अनेकांचं म्हणणं होतं. त्यामुळं ‘शिक्षकांनी मनात आणलं की मूल हुशार होतं’ असा त्याचा अर्थ काढणं चुकीचं आहे.

पुढं स्टीफन रॉडेनबुश या संशोधकानं १९८४ मध्ये अशा १८ प्रयोगांचा एकत्र अभ्यास केला. त्यात दिसलं ते जास्त उपयोगाचं आहे. शिक्षक मुलांना दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ ओळखत असतील, तर बाहेरून दिलेल्या ‘हे मूल हुशार आहे’ अशा माहितीचा परिणाम जवळपास दिसत नव्हता. ओळख नवी असेल, तेव्हाच ती माहिती काम करत होती.

याचा आपल्याकडं अर्थ काय? जूनमधले पहिले पंधरा दिवस नाजूक असतात. आधीच्या शिक्षकांनी स्टाफरूममध्ये सांगितलेलं ‘त्या पोराकडून काही होणार नाही’ हे वाक्य त्याच दिवसांत सर्वात जास्त नुकसान करतं. आणि जे मूल नोव्हेंबरमध्ये येऊन मार्चमध्ये जातं, त्याच्याबाबतीत तर शिक्षकांकडं ऐकीव माहितीशिवाय फारसं काही नसतंच.

आठव्या दिवशी ठरलेली बाकं

दुसरा महत्त्वाचा अभ्यास रे रिस्ट या समाजशास्त्रज्ञाचा, १९७० सालचा. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या एका शाळेत त्यानं बालवाडीपासून दुसरीपर्यंत एकाच गटातल्या मुलांचं निरीक्षण केलं. शाळा सुरू झाल्यावर आठव्या दिवशी शिक्षिकेनं मुलांना तीन टेबलांवर बसवलं. तोवर कुठलीही अभ्यासाची चाचणी झालेली नव्हती. पहिल्या टेबलावर स्वच्छ कपड्यातली, प्रमाण इंग्रजी बोलणारी, बऱ्या परिस्थितीतली मुलं आली. शेवटच्या टेबलावर सरकारी मदतीवर जगणाऱ्या घरांतली, मळक्या कपड्यांतली, गल्लीची भाषा बोलणारी मुलं.

मग काय झालं? पहिल्या टेबलाला जास्त शिकवलं गेलं. फळाही त्यांना नीट दिसत होता. वर्षाअखेर त्यांना जास्त येत होतं. पुढच्या वर्गातल्या शिक्षिकेनं तेच बघून पुन्हा तशीच विभागणी केली. दुसरीत तर गटांना नावं होती, ‘वाघ’, ‘कार्डिनल’ (एक पक्षी) आणि ‘विदूषक’. आठव्या दिवशी नजरेनं काढलेला अंदाज दोन वर्षांनी कागदावरची ‘गुणवत्ता’ झाला होता.

आणि महत्त्वाचं म्हणजे त्या वर्गातली मुलं कृष्णवर्णीय होती आणि बालवाडीच्या शिक्षिकाही. भेद वर्णाचा नव्हता. गरिबीच्या खुणांचा होता.

पहिला अंदाज एवढा चिकटून का राहतो, याचं उत्तर १९८३ मधल्या एका प्रयोगात मिळतं. जॉन डार्ली आणि पॅजेट ग्रॉस यांनी प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना एका चौथीतल्या मुलीची चित्रफीत दाखवली. काहींना ती सधन वस्तीत खेळताना दिसली, काहींना गरीब वस्तीत. एवढंच पाहिलेल्यांनी तिच्या अभ्यासाबद्दल फार वेगळी मतं दिली नाहीत. पण काहींना त्यानंतर तिची तोंडी परीक्षाही दाखवली. परीक्षेची चित्रफीत सगळ्यांना एकच. तरी सधन वस्ती पाहिलेल्यांना ती हुशार वाटली आणि गरीब वस्ती पाहिलेल्यांना कच्ची.

म्हणजे माणूस नुसत्या परिस्थितीवरून उघडपणे निकाल देत नाही, ते बरोबर नाही हे त्याला कळतं. पण पुरावा समोर आला की तो आधीच्या अंदाजाच्या चष्म्यातून वाचतो. आणि मग त्याला खरंच वाटतं की आपण पुराव्यावरूनच ठरवलं.

भारतात काय दिसलं?

रेमा हॅना आणि ली लिंडेन या अर्थशास्त्रज्ञांनी भारतात केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी ७ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी एक बक्षिसाची परीक्षा घेतली आणि उत्तरपत्रिका शिक्षकांकडं तपासायला दिल्या. फक्त पहिल्या पानावरची माहिती, म्हणजे वय, लिंग आणि जात, कुठलीही कुठल्याही पेपरला लावली होती. त्यामुळं पेपरातली उत्तरं आणि पानावरची जात यांचा काहीच संबंध नव्हता.

निकाल असा लागला, की ज्या पेपरवर तथाकथित खालची जात लिहिली होती त्यांना ०.०३ ते ०.०८ प्रमाण विचलन इतके कमी गुण मिळाले. सोप्या भाषेत, शंभर गुणांच्या पेपरात प्रमाण विचलन १५ धरलं, तर साधारण अर्धा ते सव्वा गुण. मुलगा-मुलगी असा फरक मात्र आढळला नाही.

सव्वा गुण म्हणजे किरकोळ वाटेल. पण हा एका पेपरातला, एका वेळचा फरक आहे. शिष्यवृत्तीची यादी किंवा प्रवेशाची यादी लागते, तेव्हा अर्ध्या गुणावर किती नावं आत-बाहेर होतात हे पालकांना वेगळं सांगायला नको.

या अभ्यासातल्या आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक, गुण कमी देण्याचा हा कल उच्चजातीय शिक्षकांपेक्षा स्वतः मागास जातींतून आलेल्या शिक्षकांमध्ये जास्त दिसला. दोन, तो गठ्ठ्यातल्या सुरुवातीच्या पेपरांवर जास्त होता. नवीन परीक्षा, गुण कसे द्यायचे याचा अंदाज नाही, अशा वेळी शिक्षकांनी जातीच्या माहितीचा आधार घेतला. पेपर तपासून हात बसला, तशी त्याची गरज कमी झाली. सेंट लुईसच्या शिक्षिकेसारखंच इथंही दिसतं, की पूर्वग्रहासाठी द्वेष लागतोच असं नाही. माहिती कमी आणि घाई जास्त असली तरी पुरतं.

मुलांवर याचा काय परिणाम होतो? कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांमध्ये सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती, तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांची कामगिरी जवळपास सारखी होती. सगळ्यांसमोर नाव आणि जात वाचून दाखवल्यावर मात्र दलित मुलांची कामगिरी स्पष्टपणे घसरली. मुलं तीच, कोडी तशीच. फरक पडला तो आपल्याकडं कसं पाहिलं जातंय, हे मुलांना कळल्यामुळं.

महाराष्ट्राला हे नवीन नाही

सातारच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा प्रवेश झाला. तो दिवस आता राज्यात ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून साजरा होतो. त्याच शाळकरी वयात त्यांना स्वतःचं गोणपाट घेऊन वेगळं बसावं लागे आणि शिपाई हजर नसेल तर पाणी मिळत नसे, हे त्यांनी पुढं लिहून ठेवलं. तो उघड, नियमासारखा पाळला जाणारा भेद होता. आजचा प्रश्न त्याहून वेगळा आहे. आज कायद्यानं सगळे एकाच सतरंजीवर आहेत. पण प्रश्न कुणाला विचारला जातो, हे अजून नजरेवर ठरतं.

हा नजरेचा मुद्दा महात्मा फुले यांनी त्याच्याही आधी ओळखला होता. १९ ऑक्टोबर १८८२ च्या हंटर आयोगापुढच्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळांतल्या शिक्षकांचा प्रश्न मांडला. शिक्षक जवळपास सगळे ब्राह्मण आहेत, पगार तुटपुंजे आहेत, बहुतेकांना प्रशिक्षण नाही, हे सांगून त्यांनी शेतकरी वर्गातले, मुलांमध्ये मिसळू शकतील असे प्रशिक्षित शिक्षक नेमण्याची मागणी केली. मुलाला ओळखणारा शिक्षक हवा, हा त्यामागचा विचार. हॅना-लिंडेन यांचा अभ्यास त्यात आजची एक भर घालतो. शिक्षक त्याच समाजातला असणं महत्त्वाचं आहे, पण तेवढ्यानं काम पूर्ण होत नाही. अंदाज तपासून पाहण्याची सोयही लागते.

‘आनि-पानी’चा शिक्का

जातीइतकाच, किंबहुना जास्त पटकन बसणारा शिक्का भाषेचा असतो. वाडीवरच्या मुलानं ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हटलं की ते अशुद्ध ठरतं. ‘व्हय’ म्हटलं की वर्ग हसतो. प्रत्यक्षात ती त्याच्या घरची नियमबद्ध मराठी असते, फक्त पुस्तकातली नसते. ठाकर किंवा महादेव कोळी मुलासाठी तर पुस्तकातली मराठी ही बऱ्याच अंशी नवी बोली असते.

इथं गल्लत अशी होते की बोलण्यावरून बुद्धीचा अंदाज काढला जातो. गणित तोंडी सोडवणारं पोर ‘मला आलं न्हाई’ म्हणतं आणि ते गणितात कच्चं ठरतं. एकदोनदा हसं झालं की मूल बोलणंच बंद करतं. मग वहीत शेरा येतो, ‘वर्गात सहभाग घेत नाही’.

वर्गात वेळ कसा वाटला जातो, यावरही संशोधन झालंय. मेरी बड रो या संशोधिकेनं १९७० च्या दशकात दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. त्यातही हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी जास्त थांबतात, कच्च्या समजल्या जाणाऱ्यांसाठी कमी. ज्याला घरची भाषा मनातल्या मनात पुस्तकी भाषेत बदलून बोलायचं आहे, त्यालाच कमी वेळ मिळतो.

अंदाज गुणपत्रिकेत कसा उतरतो?

महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात गुणांचे दोन भाग आहेत. शिक्षकांनी वर्षभर तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प यांवरून करायचं ‘आकारिक’ मूल्यमापन आणि सत्राच्या शेवटी होणारं ‘संकलित’. त्यांची विभागणी अशी:

पहिली-दुसरी: आकारिक ७०, संकलित ३०
तिसरी-चौथी: आकारिक ६०, संकलित ४०
पाचवी-सहावी: आकारिक ५०, संकलित ५०
सातवी-आठवी: आकारिक ४०, संकलित ६०

म्हणजे मूल जितकं लहान, तितकं शिक्षकांच्या निरीक्षणाचं वजन जास्त. शैक्षणिकदृष्ट्या ते योग्यच आहे, सहा वर्षांच्या मुलाची लेखी परीक्षा घेऊन फारसं काही कळत नाही. पण रोझेन्थाल यांच्या प्रयोगात शिक्षकांच्या अपेक्षेचा परिणाम नेमका पहिली-दुसरीतच दिसला होता, हेही विसरता येत नाही.

दहावीलाही अंतर्गत गुण आहेत. २०१९ मध्ये राज्य मंडळानं भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे २० अंतर्गत गुण काढून टाकले होते. त्या वर्षी निकाल ७७.१० टक्के लागला. आदल्या वर्षी तो ८९.४१ टक्के होता. नवा अभ्यासक्रम हेही घसरणीचं एक कारण होतं, पण ओरड झाली आणि गुण परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के होता. कोरोनामुळं २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही आणि नववीच्या व शाळेतल्या मूल्यमापनावर निकाल ९९.९५ टक्के लागला.

यावरून एक गोष्ट दिसते. शिक्षक गुण देताना कंजूषपणा करत नाहीत, उलट हात सैल सोडतात. त्यामुळं प्रश्न ‘शिक्षक नापास करतात का’ हा नाहीच. प्रश्न आहे की वीसपैकी एकोणीस कुणाला आणि पंधरा कुणाला.

गुणपत्रिकेत न दिसणारे निर्णय याहून मोठे असतात. स्कॉलरशिपला कुणाला बसवायचं आणि कुणाचे जादा तास घ्यायचे? पाचवीत सेमी-इंग्रजीला कोण जाणार? हायस्कूलमध्ये ‘अ’ तुकडीत कोण आणि ‘ड’ तुकडीत कोण? हे निर्णय बऱ्याच ठिकाणी शिक्षकांच्या मतावर होतात. शिष्यवृत्ती परीक्षा काही वर्षं पाचवी आणि आठवीला होत होती, ती पुन्हा चौथी आणि सातवीला नेण्याचा निर्णय झालाय. त्याचे फायदे-तोटे काहीही असोत, ‘हे मूल तयारीचं आहे की नाही’ हा शिक्षकांचा निर्णय आता एक वर्ष अलीकडं येणार आहे.

ऊसतोडीच्या मुलाचं गणित आणखी अवघड. ते येतं तेव्हा पहिलं सत्र संपलेलं असतं. आधीच्या शाळेतल्या नोंदी सोबत याव्यात म्हणून राज्यात शिक्षण हमी पत्रकाची व्यवस्था केलेली आहे. ते पत्रक भरून आलं आणि वाचलं गेलं, तर नव्या शिक्षकांना काहीतरी हाताशी मिळतं. नाही आलं, तर उरतो फक्त ‘टोळीवाल्याचं पोर’ हा अंदाज.

कायदा काय म्हणतो?

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ८ आणि ९ नुसार दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांशी भेदभाव होणार नाही याची जबाबदारी सरकार आणि स्थानिक संस्थेवर आहे. कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही बंदी आहे. वर्गात जातीवरून किंवा वस्तीवरून टोमणा मारणं यात येऊ शकतं. पण एखाद्याला वर्षभर प्रश्नच न विचारणं हे कुठल्या कलमात बसवणार? कायदा उघड भेदाला रोखू शकतो. न दिसणाऱ्या अंदाजासाठी वेगळे उपाय लागतात.

मग उपाय काय?

दिलासा देणारी गोष्ट म्हणजे यातले बरेच उपाय स्वस्त आहेत.

पहिला, शिक्षकांना आरसा दाखवणं. इटलीमध्ये अल्बर्टो अलेसिना, मिकेला कार्लाना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथं सारखीच कामगिरी असूनही स्थलांतरितांच्या मुलांना शिक्षकांकडून कमी गुण मिळत होते. शब्द आणि नावं मनात किती झटकन जोडली जातात हे संगणकावर मोजणारी एक चाचणी शिक्षकांना दिली. ज्यांना सत्राचे गुण देण्याआधी स्वतःचा कल किती आहे हे कळलं, त्यांनी स्थलांतरित मुलांना दिलेले गुण वाढले. कुणालाही दोषी ठरवलं नव्हतं, फक्त माहिती दिली होती.

दुसरा, नाव झाकून तपासणी. संकलित चाचणीचे पेपर नावाऐवजी क्रमांकानं तपासणं किंवा दोन वर्गांनी आपसांत बदलून तपासणं सहज शक्य आहे.

तिसरा, प्रश्नांची पाळी. हात वर करणाऱ्यालाच विचारण्याऐवजी नावांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकून काढल्या आणि प्रत्येकासाठी मनात पाच आकडे मोजून थांबलं, तरी वर्गातला वेळ बराच समान वाटला जातो.

चौथा, गट करायचे तर ते बदलते ठेवायचे. ‘प्रथम’ संस्थेनं मुंबईतून सुरू केलेल्या कामातून पुढं आलेली, वयाऐवजी वाचन-गणिताच्या पातळीनुसार शिकवण्याची पद्धत आज अनेक राज्यांत वापरली जाते. त्यात प्रत्येक मुलाची काही मिनिटांची तोंडी चाचणी घेऊन गट ठरतो, कपड्यांवरून नाही. आणि काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी होऊन मूल पुढच्या गटात जातं. ही दुसरी पायरी वगळली, तर तोच गट ‘ड’ तुकडी होऊन बसतो.

पाचवा, पुराव्यासह नोंद. ‘लक्ष देत नाही’, ‘मंद आहे’ अशा शेऱ्यांऐवजी ‘दोन अंकी हातच्याची बेरीज येते, वजाबाकीत अडतो’ असं लिहिलं, तर पुढच्या शिक्षकांना कामाची माहिती मिळते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधल्या समग्र प्रगती पत्रकात शिक्षकांच्या नोंदीबरोबर मुलाचं स्वतःचं आणि सोबत्यांचं मूल्यमापनही अपेक्षित आहे. ते रकाने जूनमध्ये एकदाच भरून टाकले नाहीत, तर शिक्षकांच्या एका नजरेला आणखी दोन नजरा जोडल्या जातील.

हे सगळं शिक्षकांच्या माथी मारून चालणार नाही. दोन वर्ग एकत्र शिकवणाऱ्या, ऑनलाइन माहिती भरण्यात आणि निवडणुकीच्या कामात गुंतलेल्या शिक्षकाकडं मुलाला ओळखायला वेळच उरत नसेल, तर तो अंदाजावरच चालणार. वेळ कमी, माहिती कमी, तिथं पूर्वग्रह जास्त, हे तर हॅना-लिंडेन यांच्या अभ्यासातच दिसलं. त्यामुळं शिक्षकांची रिकामी पदं भरणं आणि शाळाबाह्य कामं कमी करणं हाही पूर्वग्रह कमी करण्याचाच उपाय आहे.

पालकांनाही शाळेत एक प्रश्न विचारता येईल. ‘माझं मूल कसं आहे?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘हुशार आहे पण मस्ती करतो’ किंवा ‘जरा कच्चा आहे’. त्याऐवजी ‘गेल्या महिन्यात त्याला नवीन काय यायला लागलं?’ असं विचारलं, तर शिक्षकांना अंदाज सोडून मुलाकडं बघावं लागतं. आणि अशा प्रश्नाचं उत्तर ‘ढ’ या एका अक्षरात देता येत नाही.